व्यवसाय: शेती

१२ जून, गुरुवार

डॉक्टरबाईंनी एक छापील तक्ता दिलाय. समाधान किती झोपला, किती जेवला, घाम आला का, हात थरथरले का, हे रोज भरायचं. तक्त्यातले रकाने लहान आहेत आणि मला बोलायला जागा लागते. म्हणून औषध कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी काढली. सहा महिने काउंटरखाली कोरी पडून होती.

आज आम्ही तिघं जळगावला गेलो होतो, मी, सारिका आणि समाधान. एकोणीस वर्षांचं पोरगं, माझ्याहून चार बोटं उंच, पण बाईंसमोर हाताची घडी घालून पहिलीतल्यासारखं बसलं होतं. बाई वयाने लहान, पण बोलण्यात मुरलेल्या. गोळ्यांची सवय आहे, सुटेल, पण एका दिवसात नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मार्ग दोन. एक तर घरीच राहायचं, दर गुरुवारी दाखवायला यायचं आणि त्या देतील तेवढंच औषध घरच्या एका माणसाने स्वतःच्या हाताने द्यायचं. नाहीतर धुळ्याजवळ एक केंद्र आहे, तिथे नव्वद दिवस राहायचं. मी विचारलं, दोन्हींत चांगला कोणता? त्या म्हणाल्या, ते घर कसं आहे त्यावर ठरतं. घरात किंवा घराशेजारी गोळ्या सहज हाताला लागत असतील तर घरी ठेवून उपयोग नाही.

मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "तुम्ही काय करता?"

मी म्हणालो, "शेती."

अगदीच खोटं नाही ते. गिरणाकाठी चार एकर आहे, बटाईने दिलेलं. पण भडगावात मला शेतकरी म्हणून कुत्रं ओळखायचं नाही. बावीस वर्षं झाली माझ्या मेडिकलला. खाली दुकान, वर घर. सारिकाने माझ्याकडे बघितलं. समाधानने खाली बघितलं. गोळ्या कुठून मिळाल्या, या प्रश्नाचं उत्तरही मीच दिलं की मित्रांकडून, स्टँडवर. समाधानने मान हलवली.

मेडिकलवाल्याचं पोरगं गोळ्या खातं, हे एका डॉक्टरसमोर तोंडातून निघेना. बाईंनी "व्यवसाय: शेती" असं लिहिलं आणि म्हणाल्या, मग घरीच सुरू करू. मला हायसं वाटलं. परत येताना पाचोऱ्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो.

१५ जून, रविवार

सारिका तीन दिवस कामापुरतं बोलतेय. आज भाजी निवडता निवडता म्हणाली, "घरमाच दुकान शे, मंग त्याले घर कसा ठेवशात?" तिचं म्हणणं, उद्याच्या उद्या धुळ्याला पोहोचवा. मी तिला समजावलं. दुकानाच्या आतल्या कपाटाला नवं कुलूप लावलंय, किल्ली माझ्या करदोड्याला. तिकडे कुठली कुठली पोरं असतील, दारुडी, व्हाइटनर हुंगणारी. त्यांच्यात आपलं पोरगं बसवायचं? घरचं जेवण, आईची माया कोणत्या केंद्रात मिळते? आणि डिंपलला बघायला चोपड्याचे लोक येत्या रविवारी यायचेत. भाऊ कुठे, असं त्यांनी विचारलं तर काय सांगायचं?

डिंपल आतून म्हणाली की माझ्या लग्नावर ढकलू नका. पोरीला काय कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे तेवीस वर्षांच्या वयात कळत नाही. आणि मी हे डिंपलसाठी म्हणतच नाहीये, समाधानसाठी म्हणतोय.

संध्याकाळी भिकुबाई आली. केळीच्या कापणीवर घड वाहून वाहून तिची मान कायमची धरलेली. "मान वळस नही भाऊ, दोन पुड्या द्या." पुडी ही आमच्या दुकानाची ओळख आहे. दुखण्याची एक कॅप्सूल, पित्ताची एक आणि झोपेची अर्धी, कागदात बांधलेली. चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. पुडी घेतलेलं माणूस रात्री गाढ झोपतं आणि सकाळी परत उभं राहतं. सगळेच देतात, मी एकटा नाही. दोन दिल्या.

१९ जून, गुरुवार

आठवडा चांगला गेला. समाधान पाच-पाच तास झोपला, काल दोन भाकरी खाल्ल्या. बाई खूश झाल्या. मग त्यांनी आपुलकीने विचारलं, कापूस उगवला का? मी म्हणालो, उगवला, थोडी नांगी पडलीये. त्या म्हणाल्या, म्हणजे? मी त्यांना दहा मिनिटं नांगी भरण्याबद्दल, म्हणजे न उगवलेल्या जागी परत बी टोचण्याबद्दल सांगितलं. समाधानला हसू आवरेना, खोकल्याचं नाटक करून बाहेर गेला.

गाडीला वेळ होता म्हणून आम्ही मेहरूणला तलावावर बसलो आणि शेव-मुरमुरे खाल्ले. तो म्हणाला, "नाना, तू बराच मोठा शेतकरी शे." खूप दिवसांनी त्याने माझी चेष्टा केली. मीही हसलो. त्या क्षणी सांगायला हवं होतं की आपण परत आत जाऊ आणि बाईंना खरं सांगू. पण गाडीची वेळ झाली होती.

२३ जून, सोमवार

चोपड्याचे लोक काल येऊन गेले. समाधानने पाणी दिलं, चहा दिला, पाया पडला. मुलाच्या काकांनी विचारलं, पुढे काय करणार? तो म्हणाला, बघतो. एवढं सुरळीत गेलं की मी मनात म्हटलं, बघ सारिका, घरी ठेवलं म्हणून. चहाच्या वेळी त्याच्या कपाळावर घाम होता, पण उकाडाही होताच.

२७ जून, शुक्रवार

हे तक्त्यात लिहिलेलं नाही.

काल बाईंनी औषध आणखी कमी केलं. आज दुपारी तो जिन्याच्या खालच्या पायरीवर पोट धरून बसला होता. दातावर दात आपटत होते, ओठ निळसर. "नाना, आर्धी दे. फक्त आजना दिन." मी बावीस वर्षं गोळ्या हाताळतो. एकदम तोडलं तर त्रास होतो, हळूहळू उतरवत आणावं लागतं, हे मला त्या बाईंइतकंच कळतं. कपाट उघडलं आणि अर्धी दिली. अर्ध्या तासात त्याच्या तोंडावर रंग आला. माझा हात धरून बसला होता. बापाने आणखी काय करायचं असतं?

तक्त्यात लिहिलं, थरथर किरकोळ.

३० जून, सोमवार

परत अर्धी. काल पण.

५ जुलै, शनिवार

आता खरं लिहितो. इथेही खोटं लिहायचं तर ही डायरी कशाला.

परवा गुरुवारी जळगावला गेलोच नाही. समाधान म्हणाला, बरं वाटतंय, पुढच्या वेळी जाऊ, आणि मला ते सोयीचं वाटलं. काल भर दुपारी सारिका ओरडत खाली आली. न्हाणीघराचं दार आतून बंद. मी लाथ मारून कडी तोडली. तो भिंतीला टेकून बसलेला, मान छातीवर, श्वास इतका सावकाश की दोन श्वासांच्या मध्ये मी देवाचं नाव घेऊन मोकळा होत होतो. गावातल्या दवाखान्यात नेलं, तिथून जळगावला. रात्रीतून शुद्धीवर आला. वाचला.

माझ्या कपाटातल्या गोळ्या होत्या. मी अर्धी काढताना तो किल्ली बघत होता आणि मी दुपारी झोपतो हे त्याला माहीत आहेच.

आणि सुरुवातही मीच केली. कोणते मित्र आणि कसला स्टँड. बारावीनंतर डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला तो दुसऱ्यांदा बसला होता, तेव्हा त्याला झोप लागेना. मान दुखते, डोकं दुखतं. मी काउंटरवरून एक पुडी उचलली आणि म्हटलं, ही घे, उद्या ताजातवाना उठशील. तो उठलाही. दुसऱ्या दिवशी त्याने मागितली तेव्हाही दिली. मग त्याने मागणं बंद केलं आणि मला वाटलं, बरा झाला. उन्हाळ्यात दुकानात बसून पुड्या तोच बांधायचा. हात फार चपळ आहे त्याचा.

डॉक्टरबाई काल वॉर्डात आल्या. विचारलं, एवढ्या गोळ्या आल्या कुठून? मी म्हणालो, कोणीतरी आणून दिल्या असतील. हेही काल बोललो मी, पोराच्या नाकात नळी असताना.

७ जुलै, सोमवार

समाधानला धुळ्याला सोडून आलो.

केंद्र गावाबाहेर आहे. पत्र्याची लांब शेड, मागे बाभळी, पुढे तुळशी. पोरंच पोरं, काही तर दहावीतली वाटली. तिथले निंबासर म्हणजे शिरपूरकडचा पस्तिशीचा माणूस, स्वतः आठ वर्षं दारूत होता आणि तिथेच सुधारला. त्यांनी समाधानलाच सही करायला लावली. म्हणाले, तू सज्ञान आहेस, तुझ्या मर्जीने राहायचंय. त्याने केली. मोबाइल, पट्टा, पाकीट माझ्याकडे दिलं. पहिले तीस दिवस भेट नाही.

माझाही एक अर्ज होता. पालकाचा व्यवसाय. जळगावच्या चिठ्ठीत जे होतं तेच लिहिलं, नाहीतर दोन कागद दोन गोष्टी बोलले असते.

तो आत जाताना वळला नाही. सारिका गाडीत रडली नाही, मीच रडलो. पोटचं पोर असं कोंडून आलो. गावात सांगितलंय की क्लाससाठी पुण्याला गेला.

२० जुलै, रविवार

निंबासरांचा फोन आला. झोप सुधारली, वजन दीड किलो वाढलं, व्हॉलीबॉल खेळतो. एकच अडचण आहे. तिथे प्रत्येकाला आपली हकिकत लिहून सगळ्यांसमोर वाचावी लागते. समाधानने बाकी सगळं लिहिलंय, पण "पहिल्यांदा कुठून मिळालं, कोणी दिलं" हे पान तो कोरं ठेवतो. तीनदा सांगितलं, तीनदा कोरं. सर म्हणाले, तेवढं पान भरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, तुम्हाला काही माहीत आहे का?

मी म्हणालो, पोरं मित्रांची नावं सांगत नाहीत हो, मैत्रीला जागतात.

फोन ठेवल्यावर सारिकाने विचारलं, काय म्हणत होते? मी म्हटलं, वजन वाढलं.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

येत्या रविवारी कानबाई, आमच्या खानदेशच्या देवीचा सण. यंदा बसवायचा मान आमच्या घराकडे आहे. आमच्या भाऊबंदकीत रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मोजतात, सव्वा सव्वा मूठ. सुरतेला, पुण्याला गेलेली पोरंही त्या दिवशी घरी येतात. रोट बाहेरच्याला देत नाहीत आणि दाराबाहेर नेत नाहीत, ज्याचा त्याने घरी बसूनच खायचा.

झुलाल आबा संध्याकाळी येऊन बसले. आमच्यात तेच सगळ्यांत वडील, ऐंशी पार. सगळ्या घरांची नावं घेऊन झाली तेव्हा म्हणाले, "बठ्ठासना गहू मोजाई जातीन. समाधानना मोजू ना? येस ना तो?" मी म्हटलं, सगळ्यांचे मोजता तसे त्याचेही मोजा आबा, येईल ना. दुसरं काय म्हणणार? कानबाई आमच्या घरात आणि घरचंच पोरगं नाही, म्हटल्यावर चाळीस तोंडांनी चाळीस प्रश्न विचारले असते.

शिवाय देवीच्या कामाला घरात असलेलं चांगलं. निंबासर काही म्हणोत, श्रद्धेनेही माणूस सावरतो.

२ ऑगस्ट, शनिवार

त्याला घेऊन आलो.

निंबासर नाही म्हणत होते. सव्वीस दिवस झालेत, आत्ता कुठे जमिनीत मूळ धरतंय, असं म्हणाले. मी म्हटलं, दोनच दिवस, सोमवारी संध्याकाळी परत आणतो. ते म्हणाले, त्याला विचारा. समाधानला बाहेर बोलावलं. गाल भरलेले, डोळे स्वच्छ, क्षणभर मला माझाच पोरगा ओळखू आला नाही. माझं ऐकून घेतलं आणि मागच्या शेडकडे हात करून म्हणाला, "नाना, माले आठेच राहू दे."

मी म्हटलं, तुझी आई फार वाट बघतेय. रोज रडते. तिची इच्छा आहे.

मग त्याने रजेच्या कागदावर सही केली.

सारिका असं काही बोलली नव्हती. उलट सकाळी मी निघताना दारात उभी राहून म्हणाली होती की त्याला आणू नका. त्याला दारात बघून तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, जवळ घेतलं, आणि नंतर स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

४ ऑगस्ट, सोमवार

काल सगळं थाटात झालं. देवीला साज चढवला, नारळाचं मुख, नथ, हिरवं पातळ. आबांनी समाधानला शेजारी बसवून रोट खायला लावला. गंगाफळाची भाजी त्याने दोनदा मागून घेतली. बायका गाणी म्हणत होत्या. कोणीही काही विचारलं नाही, उलट पुण्याचं पाणी मानवलं म्हणाले. मी इतका सुखावलो होतो की मधे एकदा देवीला हात जोडून म्हणालो, माझी लाज राखलीस.

आज सकाळी विसर्जनाला अख्खी भाऊबंदकी गिरणेवर. सारिकाच्या डोक्यावर कानबाई, पुढे वाजंत्री. पाण्यात उतरल्यावर मी मागे वळून बघितलं तर समाधान नव्हता. सारिकाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. पण डोक्यावर देवी होती, तिला हलता येईना. मी ओल्या धोतराने पळत सुटलो.

दुकानाचं मागचं दार उघडं होतं, कपाटाचं कुलूप तोडलेलं. तो माझ्या खुर्चीवर बसला होता. समोर एक फाडलेलं पाकीट. गोळ्या जास्त नव्हत्या, चार-पाच घेतल्या असतील, डोळे उघडे होते, बोलत होता. मी हात उगारला. त्याने तोंड चुकवलंही नाही. हात तसाच खाली आला.

म्हणाला की खाली दुकान आहे, मला वर बसलेलो असतानाही त्याचा वास येतो. मग म्हणाला, "तू डॉक्टरबाईले काय सांगं, ते मी कोणलेच सांगं नही. पण आते मन्हाकडथून व्हत नही." म्हणजे माझं खोटं तो तिथे झाकत होता आणि आता त्याला ते झेपत नव्हतं. त्या कोऱ्या पानावर मित्राचं नाव नव्हतंच. माझं होतं. हे मला वीस जुलैलाच कळलं होतं, फक्त तेव्हा कळून घेतलं नव्हतं.

गाडी करून थेट धुळ्याला नेलं. निंबासरांनी त्याला आत नेलं आणि माझ्यापुढे रजिस्टर सहीला ठेवलं.  परत तीस दिवस भेट नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज डॉक्टरबाईंना फोन केला. दुकान बंद करून, आतल्या खोलीत उभं राहून सगळं सांगितलं. मेडिकल, वरचं घर, पहिली पुडी, जूनमधल्या अर्ध्या गोळ्या, केंद्रातलं ते कोरं पान.  

मग म्हणाल्या, "हे जूनमध्ये सांगितलं असतं तर मी त्याला एक दिवसही घरी ठेवलं नसतं."

एवढंच. रागावल्या नाहीत. न्हाणीघरातला तो श्वास कानात वाजायला लागला. मी ज्याला माया म्हणत होतो, घरचं जेवण आणि बापाचा हात, त्यानेच पोरगं जवळजवळ गेलं होतं. आणि धुळ्याला सोडून आल्यावर मात्र मी रडलो, कोंडलं म्हणून. मी भलत्याच ठिकाणी रडलो.

बाईंनी सांगितलं की सात सप्टेंबरला केंद्रात पालकांची बैठक आहे, तिथे हेच त्याच्यासमोर बोला. त्याचं ओझं तुम्ही उचला, म्हणजे तो लिहील.

आजपासून पुड्या बंद. कागदाचे तुकडे करून ठेवले होते ते चुलीत घातले. सारिकाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

भिकुबाई चौदा दिवसांत सात वेळा येऊन गेली. दरवेळी सांगितलं, नाही, डॉक्टरला दाखव. ती म्हणते, डॉक्टरला दाखवायला मजुरी बुडवू का? आज दुकानासमोरच्या ओट्यावर येऊन बसली आणि उठेचना. घाम, जांभया, नाकातून पाणी, हात थरथरत होते. मी रोज तक्त्यात भरायचो ते सगळं. पंचावन्न वर्षांची बाई, आणि तिला कोणी जळगावला नेणार नाही, की धुळ्याला ठेवणार नाही.

तिचं मला सोसवेना. एक दिली. म्हटलं, शेवटची.

३ सप्टेंबर, बुधवार

रविवारी काय बोलायचं ते लिहून काढलं. तीनदा खोडलं. "मी लीलाधर पाटील, माझं भडगावला मेडिकल आहे" हे वाक्य सगळ्यांत अवघड जातंय. लग्नाच्या याद्या मी एका बैठकीत लिहितो.

७ सप्टेंबर, रविवार

बोललो.

पंधरा-वीस पालक गोल करून खुर्च्यांवर बसले होते, पोरं समोरच्या बाजूला. सारिका माझ्या शेजारी होती. पारोळ्याचे एक शिक्षक होते, साक्रीची एक विधवा बाई, दोघं-तिघं व्यापारी. सगळे आपापल्या पोराची गाऱ्हाणी सांगत होते. माझी पाळी आली. उभा राहिलो. म्हणालो, मी शेतकरी नाही. माझं मेडिकल आहे. माझ्या पोराला पहिली गोळी मित्राने नाही दिली, मी दिली. डॉक्टरांशी खोटं बोललो, इथल्या अर्जात खोटं लिहिलं, आणि ते खोटं माझं पोरगं तीन महिने माझ्यासाठी सांभाळत बसलं. कानबाईसाठी त्याला मी नेलं, त्याच्या आईने नाही. मला माफ कर, समाधान.

साक्रीच्या बाई डोळे पुसत होत्या. पारोळ्याचे गुरुजी उठून माझा हात हातात घेऊन गेले. निंबासरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला इतकं हलकं वाटलं की खरं सांगतो, आतल्या आत मी स्वतःला शाबासकीही दिली. मग सरांनी सांगितलं की समाधानने काल रात्री ते पान भरलंय. त्याची प्रगती पाहता ऑक्टोबरमध्ये घरी सोडू, पुढचं जळगावला दर गुरुवारी दाखवून होईल. फक्त घर बदलायला हवं किंवा दुकान. त्यांनी समाधानला विचारलं, तुला वडिलांना काही विचारायचंय का?

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "नाना, तू भिकुमावशीले आजून पुड्या देस का?"

मी म्हणालो, "नाही."

आज सकाळी धुळ्याची गाडी धरायच्या आधी तिला दोन दिल्या होत्या, अर्धंच शटर उघडून. परवाही दिल्या होत्या. इतक्या लोकांसमोर, इतकं सगळं चांगलं झाल्यावर, तेवढं एक सांगायला जीभ उचलली नाही.

समाधान माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. अशक्त माणसाला सांभाळून बघावं तसं. मी बावीस वर्षं गिऱ्हाईकाचा चेहरा बघून आजार ओळखत आलोय, त्याने माझा चेहरा बघून ओळखला. इतक्या लोकांत त्याने मला उघडंही पाडलं नाही. निंबासरांकडे वळून हळूच म्हणाला, "सर, माले ऑक्टोबरमा घर जानं नही. आजून तीन महिना आठेच राहनं शे."

सर म्हणाले, अरे, तू आता बरा आहेस.

तो म्हणाला, "हाव. मी बरा शे."

सारिका उठली आणि माझ्या शेजारची खुर्ची उचलून त्याच्याजवळ नेऊन बसली.